कानाला लावायचं ‘ट्रॉमा रीसेट’ यंत्र: पावसाळ्यापासून होळीपर्यंत वापरल्यानंतर

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते: घेऊ नका. वस्तू म्हणून यंत्र वाईट नाही. बॅटरी छान टिकते, क्लिप टोचत नाही, आणि डबी इतकी देखणी की सासूबाईंनी मागून घेतली. आता तिच्यात त्यांची जपमाळ असते. पण ज्या कामासाठी ते विकतात, म्हणजे ट्रॉमा (मनावर बसलेला आघात) घालवण्यासाठी, ते काम ते करतं याचा पुरावा मला कुठे सापडला नाही. आणि सोबत जी ‘हीलिंग कोच’ गळ्यात पडते, ती यंत्रापेक्षा जास्त त्रासदायक.

पार्श्वभूमी थोडक्यात. गेल्या वर्षी कसारा घाटात आमच्या गाडीला अपघात झाला. हाडं जुळली, पण मागून ट्रकचा हॉर्न आला की हातपाय गार पडायचे, रात्री तीनला दचकून जाग यायची आणि मुंबईला जायचं नाव काढलं की पोटात गोळा. मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाचं, निदान केलं. नणंदेने काळजीपोटी हे यंत्र भेट दिलं. किंमत बावीस हजार, कोच धरून. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशी अनेक यंत्रं रीलमधून फिरताहेत, एकाचं नाव घेतलं तर बाकीची नामानिराळी राहतील.

रोज झोपण्यापूर्वी डाव्या कानाला क्लिप लावायची, ॲपवर निळा गोळा फुगतो-आक्रसतो त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा. माहितीपत्रक सांगतं, करंट इतका कमी ठेवा की मुंग्या जाणवता कामा नयेत. ही सूचना पुढे माझ्या फार कामी आली.

दावा असा की कानात व्हेगस नर्व्हची (मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या मोठ्या नसेची) फांदी असते, तिला हलकी वीज दिली की शरीरात ‘अडकलेला ट्रॉमा’ मोकळा होतो. पूर्वार्ध खरा आहे. कानाच्या खळग्यात व्हेगसची शाखा येते. व्हेगसला वीज देण्याचे उपचारही खरे आहेत: शस्त्रक्रियेने छातीत बसवायच्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने १९९७ मध्ये अपस्मारासाठी (फिट येण्याच्या आजारासाठी) आणि २००५ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी परवानगी दिली. मानेला धरायच्या एका यंत्राला २०१७ मध्ये क्लस्टर डोकेदुखीसाठी मिळाली. पीटीएसडीवरही संशोधन चालू आहे, आणि त्यातून उद्या काही चांगलं निघालं तर मला आनंदच होईल. पण जाहिरात काय करते, तर छातीतल्या यंत्राची पुण्याई कानातल्या क्लिपच्या खात्यावर जमा करते. वर मोठ्या अक्षरांत ‘ट्रॉमामुक्ती’, तळाशी बारीक अक्षरांत ‘हे वेलनेस उत्पादन असून कोणत्याही आजाराच्या उपचारासाठी नाही’. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. ‘वेलनेस’ लिहिलं की त्या दारातून जावंच लागत नाही, अशी या मंडळींची समजूत दिसते.

फरक पडला का? पडला. पहिल्या दोनेक महिन्यांत झोप सुधारली. कोच खूश. पण त्याच काळात माझं समुपदेशन सुरू झालं होतं, रोज सावकाश श्वास घेणं चालू होतं आणि अपघात मागे पडत होता. अशा प्रसंगानंतर अनेकांची लक्षणं पहिल्या काही महिन्यांत आपोआपही उतरतात. त्यात माणूस असं काही घेतो ते अगदी तळ गाठल्यावर; त्यानंतरचे आठवडे बहुधा बरेच जातात, कानाला काही लावा वा लावू नका. जाहिरातीतले ‘मी बरी झाले’ व्हिडिओ खोटे असतीलच असं नाही. त्यांतून काही सिद्ध होत नाही, इतकंच.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. त्याने एक जादा क्लिप मागवली, एकीची तार आतून कापली आणि दोन्हींवर टिकल्या चिकटवल्या, एक हिरवी, एक लाल. जिवंत कुठली हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी स्वतःकडे ठेवली. मुंग्या जाणवायच्याच नसल्याने मला कळायला मार्ग नव्हता. काही आठवडे ही, काही आठवडे ती, आणि सकाळी उठल्यावर वहीत नोंद: किती वेळा जाग आली, अपघात स्वप्नात आला का. हिरवीवर झोप किंचित बरी निघाली. चिठ्ठी उघडली, तर हिरवी कापलेली! एका बाईच्या वहीवरून विज्ञान ठरत नाही, मान्य. पण बावीस हजार घेणाऱ्यांनी एवढी तरी कसरत करून दाखवावी. कोचला कळवलं तर म्हणाली, “मॅडम, म्हणजे तुमच्या इंटेन्शनने काम केलं.” मग क्लिप कशाला विकता?

ही चाचणी नवी नाही बरं का. १७८४ मध्ये पॅरिसला बेंजामिन फ्रँकलिन ज्या समितीत होते तिने मेस्मर नावाच्या वैद्याच्या ‘प्राणी-चुंबकत्वा’ची, म्हणजे अदृश्य शक्तीने रोग बरे करण्याच्या दाव्याची, अशीच परीक्षा घेतली. लोकांना चुंबकत्व दिल्याचं नुसतं सांगितलं तरी झटके यायचे, आणि न सांगता दिलं तर काही व्हायचं नाही.

कोचकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. बरं वाटलं तर यंत्राने. त्रास वाढला तर ‘ट्रॉमा बाहेर पडतोय’. काहीच झालं नाही तर ‘तुमच्या शरीराला अजून सेफ वाटत नाहीये’, म्हणून पुढचं पॅकेज. मी विचारलं, नेमकं काय घडलं तर यंत्र चालत नाही असं तुम्ही म्हणाल? दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

इथवर हसून सोडलं असतं. पण त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका दादांनी सर्ट्रालीन ही नैराश्य-चिंतेवरची गोळी अचानक बंद केली, कारण ‘गोळ्या भावना ब्लॉक करतात’ असं त्यांना सांगण्यात आलं होतं. चार दिवसांत गरगरणं, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. ग्रुपवर त्याला ‘रिलीज’ म्हणून टाळ्यांचे इमोजी! गोळी एकदम तोडल्यावर हे होतं, ते डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. मी त्यांना वेगळा मेसेज करून आजच डॉक्टरांना फोन करा म्हटलं. त्यांनी केला, गोळी पुन्हा सुरू झाली. ग्रुपवरही मी तेच लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत मला काढून टाकण्यात आलं.

मला उपयोग कशाचा झाला, तर ट्रॉमा-केंद्रित सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागण्यावर काम करणाऱ्या बोलण्याच्या उपचारपद्धतीचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीसाठी तिची शिफारस केली आहे. आघात आठवत डोळे हलवायच्या ईएमडीआर या उपचाराचीही केली आहे, जरी त्यात डोळे हलवण्याचा वाटा किती यावर अजून वाद आहे. म्हणजे ऐकायला विचित्र वाटतं म्हणून सगळंच थोतांड, असंही नाही. ईएमडीआरवाल्यांनी निदान चाचण्या दिल्या. माझं काम कंटाळवाणं आणि रडवणारं होतं. घडलेलं सगळं मोठ्याने सांगायचं, स्वतःच्याच आवाजातलं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं, मग गाडीने विल्होळीपर्यंत, पुढे घोटीपर्यंत, पुढे इगतपुरी. याचं रील कोण बनवणार! घाट जानेवारीत उतरले, शेजारच्या सीटवर बसून. गाडी अजून स्वतः चालवत नाही.

यंत्र घरात असेलच तर श्वासाचा भाग चालू ठेवा, त्याला क्लिप लागत नाही. पेसमेकर असलेल्यांनी किंवा फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून तोडू नका. आणि कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर आहे, फुकट, मराठीतही बोलता येतं.