फुलझाडांचं बी-किट : बी चांगलं, कुंड्या बदला

नवख्यांसाठी म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या या किटमध्ये झेंडू, झिनिया, कॉसमॉस, पोर्तुलाका आणि पेट्युनिया अशी बियांची पाच पाकिटं, ६५० ग्रॅमची कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट, गांडूळखताची छोटी पुडी आणि चार इंची चार कुंड्या येतात. बी ताजं आहे. झेंडू आणि झिनिया आठवड्याच्या आत वर येतात. पाकिटावरची मुदत मात्र घेतानाच बघा.

घोळ कुंड्यांचा आहे. चार इंची कुंडी रोप तयार करण्यापुरती ठीक. ठाण्याच्या ऑक्टोबरी उन्हात ती दुपारपर्यंत कोरडीठाक पडते, मुळं आतल्या आत गोल फिरतात आणि झेंडू वीतभर उंचीवर दोन केविलवाणी फुलं देऊन थांबतो. झिनिया आणि बुटक्या झेंडूला रोपामागे आठ इंची कुंडी द्या, उंच झेंडूला दहा इंची. पोर्तुलाका, म्हणजे नर्सरीतला ‘ऑफिस टाइम’, सहा इंची पसरट भांड्यातही खूश असतो. तळाला भोकं हवीत, बस.

कोकोपीटची वीट तीन-चार लिटर पाण्यात भिजवली की फुगून आठ-नऊ लिटर भरते. किटसोबतचं पत्रक म्हणतं थेट वापरा. तसं करू नका, दोन पाण्यांनी धुऊन पिळून घ्या; काथ्यातले क्षार राहिले तर कोवळ्या पानांच्या कडा करपतात. त्यात अन्नद्रव्यंही जवळजवळ नसतात, म्हणून दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत असं मिश्रण करा. पुडीतल्या खतानं एक कुंडीही धड होत नाही, वेगळं आणावंच लागतं.

पत्रकातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे सरसकट ‘अर्धा सेंटिमीटर खोल पेरा’. झेंडू, झिनिया, कॉसमॉसला ते चालतं. पेट्युनियाचं बी धुळीइतकं बारीक, त्याला आणि पोर्तुलाकालाही उगवायला उजेड लागतो. वर माती लोटली की संपलं. ओल्या मिश्रणावर नुसतं भुरभुरायचं आणि कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवून खालून पाणी द्यायचं, कारण झारीच्या धारेनं बी वाहून जातं. पहिल्या वर्षी पेट्युनियाची तयार रोपं नोव्हेंबरात नर्सरीतून घेतलेली बरी.

पत्रकातलं ‘वर्षभर पेरा’ हेही इथे खरं नाही. जून-जुलैत बाल्कनीतल्या दमट हवेत दाट पेरलेली रोपं मातीलगत काळी पडून कोलमडतात. पावसाळ्यात तेरडा उत्तम, पण तोच किटमध्ये नाही! बाकीच्यांची पेरणी सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जास्त खत दिलं की कॉसमॉस नुसता पाला वाढवतो. झिनियाच्या पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी येते, तेव्हा पाणी सकाळी आणि बुंध्याशीच घाला. झेंडूला पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की शेंडा खुडा, फांद्या फुटतात.

ग्रिलमध्ये रोज पाच तास थेट ऊन येत नसेल, तर हे किट घेऊच नका. येत असेल तर पाचपैकी तीन गुण, तेही बियांमुळे. झेंडू, झिनिया आणि पोर्तुलाकाची सुटी पाकिटं जवळच्या नर्सरीत मिळाली, तर तीच घ्या आणि उरलेले पैसे मोठ्या कुंड्यांवर घाला.