नव्या घरात टीव्ही: डिश बसवायची की इंटरनेटवर भागवायचं?

रंग झाला, फर्निचर आलं, टीव्ही भिंतीवर चढला, आणि मग कोणीतरी विचारतं, "डिश घ्यायची का?" हा प्रश्न खरं तर भिंतींना प्लास्टर होण्याआधी विचारायला हवा. डिशची वायर छतावरून किंवा बाल्कनीतून येते, इंटरनेटची राउटरपासून. दोन्हींचे मार्ग वेगळे आणि वायरही वेगळी. म्हणून काय निवडायचं याचा अंदाज आधीच असलेला बरा.

दोन्हींतला मूळ फरक समजला की बाकीचं सोपं होतं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे आकाशात एका जागी थांबल्यासारखे भासतात. तिथून येणारा सिग्नल सगळ्यांसाठी एकच. शंभर घरांनी पकडला काय किंवा कोटीभर घरांनी पकडला काय, त्याला फरक पडत नाही. इंटरनेटवर मात्र बहुतेक वेळा प्रत्येक घर सर्व्हरकडून आपला स्वतंत्र प्रवाह मागवतं. त्यामुळे हवं ते हव्या त्या वेळी बघता येतं, पण एकाच वेळी फार जणांनी मागणी केली की ताणही पडतो.

हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो थेट प्रक्षेपणात. उपग्रहापर्यंत जाऊन परत यायला सिग्नलला जेमतेम पाव सेकंद लागतो, चित्र आकसून पाठवण्याच्या प्रक्रियेत आणखी काही सेकंद जातात, बस्स. इंटरनेटवर तोच सामना काही सेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो आणि अडखळू नये म्हणून प्लेअर दोन-चार तुकडे आधी साठवून मगच दाखवायला लागतो. वीस ते चाळीस सेकंदांचा उशीर त्यात सहज होतो. शेजारच्या घरात गोलचा जल्लोष उठतो आणि आपल्या पडद्यावर खेळाडू अजून पेनल्टीसाठी चेंडू ठेवत असतो. हा उशीर कमी करणारी तंत्रं आली आहेत, पण ती प्रत्येक सेवेत असतीलच असं नाही. खेळ हीच घरातली मुख्य पाहण्याची गोष्ट असेल, तर माझं मत स्पष्टपणे डिशच्या बाजूने आहे.

डिशचं दुखणं म्हणजे पाऊस. घरगुती डिशवरचे बरेचसे चॅनेल केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यात येतात. तिथे लहरीची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि जोरदार पावसाचे थेंब ती शोषतात, विखुरतात. जुन्या अॅनालॉग टीव्हीवर अशा वेळी नुसत्या मुंग्या दिसायच्या. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, मग एकाएकी चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि 'सिग्नल नाही' अशी पाटी येते. पाऊस ओसरला की सगळं आपोआप परत येतं. जिथे पाऊस दणकून पडतो तिथे ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची डिश मागा. सिग्नल गोळा करणारं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि पावसात तग धरायला तेवढी जास्त ताकद मिळते. आणखी एक, मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हा काही दिवस रोज काही मिनिटं चित्र जातं. त्यात डिशचा दोष नसतो, तंत्रज्ञाला बोलावून पैसे घालवू नका.

जागेचाही प्रश्न आहे. डिशला उपग्रह थेट 'दिसावा' लागतो. उत्तर गोलार्धात तिचं तोंड साधारण दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. त्या दिशेला उंच इमारत असेल तर विषय तिथेच संपला. झाड असेल तर आज चालेल, पण चार वर्षांनी फांद्या आड येतील. इमारतीत राहणार असाल तर बाहेरच्या भिंतीला डिश लावू देतात का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

आता इंटरनेट. वेगाचा फार बाऊ केला जातो. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं, म्हणजे मध्यम दर्जाच्या कनेक्शनवरही चालण्यासारखं आहे. खरी मोजणी डेटाची करा. १५ एमबीपीएसने तासभर बघितलं तर पावणेसात जीबी जातात. रोज दोन तास म्हटले तरी महिन्याला चारशे जीबी, तेही एकाच टीव्हीवर. कनेक्शनला मर्यादा असेल तर ती इथेच संपेल. वेग घटला तर इंटरनेटचं चित्र डिशसारखं झटकन जात नाही. प्लेअर कमी दर्जाचे तुकडे मागवतो, चेहरे जरा धूसर होतात, पण गोष्ट पुढे सरकत राहते. मालिका-चित्रपट बघणाऱ्याला हे बहुतेक वेळा चालून जातं.

अडखळण्याचं कारण पुष्कळदा कंपनीची लाइन नसून घरातलं वायफाय असतं. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय वेगवान, पण दोन जाड भिंतींपलीकडे दमतो. २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय भिंती पार करतो, पण शेजारपाजारच्या राउटरांची तिथे गर्दी असते. टीव्हीच्या मागे लॅन केबलचा (राउटरला थेट जोडणाऱ्या वायरचा) एक पॉइंट काढून ठेवला की हा जाच कायमचा मिटतो.

खर्चाचं गणित वरवर दिसतं तसं नसतं. इंटरनेट घरात येणारच असतं, म्हणून त्यावरचा टीव्ही स्वस्त वाटतो. पण एक सेवा खेळासाठी, दुसरी मालिकांसाठी, तिसरी मुलांसाठी असं करत वर्षाची बेरीज डिशच्या पॅकेजच्या पुढे जाऊ शकते. त्याच्या बदल्यात हवी ती सेवा बहुधा महिन्याभरात बंद करता येते. डिशला सुरुवातीला बसवण्याचा खर्च आहे आणि प्रत्येक टीव्हीला वेगळा सेट-टॉप बॉक्स लागतो. मात्र अनेक उपग्रहांवर विनाशुल्क चॅनेलही असतात, ते बघायला दर महिन्याला काही भरावं लागत नाही.

घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांचं आधी ऐका. रिमोटवर नंबर दाबला आणि चॅनेल लागला, ही सोय त्यांच्यासाठी फार मोठी असते. अॅप उघडा, प्रोफाइल निवडा, पासवर्ड टाका, यात त्यांचा टीव्हीच सुटतो. माझ्या दृष्टीने एवढ्या एका कारणासाठीही डिश घ्यावी.

स्मार्ट टीव्हीतल्या अॅपवर मात्र विसंबू नका. पडदा दहा वर्षं टिकतो, त्यातल्या सॉफ्टवेअरला अपडेट मिळणं त्याआधीच थांबतं. इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी वेगळी स्टिक किंवा बॉक्स टीव्हीला लावला तर तेवढाच बदलता येतो.

निर्णय काहीही होवो, झिऱ्या मारताना दोन पाइप टाकून घ्या. एकातून डिशची आरजी-६ कोएक्सियल वायर छतापर्यंत, दुसऱ्यातून लॅन केबल राउटरपर्यंत. बाहेरच्या बाजूला कोएक्सियलला कनेक्टरच्या आधी खाली झुकणारा एक वळसा ठेवायला सांगा, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की सेट-टॉप बॉक्सकडून डिशवरच्या एलएनबीला (डिशसमोर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या भागाला) जाणारा १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा घसरतो, आणि १८ व्होल्टवर चालणारे चॅनेल गायब होऊन बाकीचे मात्र ठणठणीत दिसत राहतात. लोक मग बॉक्स बदलत बसतात.

तारा पडल्या की आधी महिनाभर फक्त इंटरनेटवर बघा आणि रात्री आठ ते दहा या वेळात ते कसं चालतं हे पाहा. त्या वेळेत निभावलं आणि घरात कोणी थेट सामन्यांचं वेडं नसेल, तर डिशची गरज नाही. नसेल निभावत, तर छतापर्यंतची वायर तयारच आहे, तंत्रज्ञाला फक्त डिश बसवून दिशा जुळवायची राहते.