ग्लेशियर बे : जहाजावर नेमके उभे कुठे राहावे?
अलास्कातील ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या आमच्या जहाजावर सर्वांत वरच्या डेकवर झुंबड उडाली होती. परंतु तिथे वारा अंगाला झोंबतो आणि कठड्याच्या काचेवरची प्रतिबिंबे छायाचित्रांत उतरतात. माझ्या मते सर्वोत्तम जागा म्हणजे खालच्या डेकवरचा, एरवी प्रवाशांना बंद असलेला नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, भाग. तो केव्हा उघडणार, हे आदल्या संध्याकाळीच स्वागतकक्षात विचारून ठेवावे.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज सावकाश फिरवले जात असल्याने दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना ती मनसोक्त पाहता येते, त्यामुळे धावपळ करण्याचे कारण नाही. बर्फाचा कडा आधी ढासळताना दिसतो आणि गडगडाट काही क्षणांनी कानी येतो. म्हणून आवाजाची वाट न पाहता निळसर भेगांवर नजर खिळवून ठेवावी. उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन ध्वनिक्षेपकावरून उत्तम माहिती देतात, ती मागच्या, आडोशाच्या डेकवर अधिक स्पष्ट ऐकू आली. केबिनची बाल्कनी निवांत खरी, पण तिथून एकच बाजू दिसते. केवळ या दिवसासाठी तिचे जादा पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही.