टिअरड्रॉपची चौकट: किट, जुना ट्रेलर की स्वतः वेल्ड केलेली?

आमच्या गॅरेजमधली टिअरड्रॉप (गाडीमागे ओढायची, थेंबाच्या आकाराची, आत झोपता येणारी छोटी कॅम्पिंगची पेटी) बघायला येणारा प्रत्येक जण आधी मागची स्वयंपाकाची झडप उघडतो, मग आत पाय पसरून पडून बघतो आणि घरी गेल्यावर एकच प्रश्न पाठवतो: पेटीखालचा ट्रेलर, म्हणजे चाकांसकट लोखंडी चौकट, विकत घ्यायचा की बनवायचा? वेगवेगळ्या लोकांना तेच तेच लिहून कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी मिशिगनमध्ये राहते, गाडी होंडा सीआर-व्ही, पेटी चार फूट बाय आठ फूट. तुमच्या डोक्यात सहा फूट रुंद, दहा फूट लांब, आत उभं राहता येईल अशी काही असेल, तर माझे आकडे सोडा, हिशेबाची रीत तेवढी घ्या.

मी कोल्हापूरची. अण्णांचं शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड होतं, त्यामुळे लोखंड कमी पडेल ही भीती माझ्या रक्तातच आहे. चौकटीचं पहिलं चित्र मी काढलं ते तीन बाय दोन इंची जाड पाइपचं, दर सोळा इंचांवर आडवी पट्टी. व्हिडिओ कॉलवर ते चित्र अण्णांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "यात ऊस भरणार आहेस का?"

त्यांचं बरोबर होतं. टिअरड्रॉपच्या दोन्ही बाजू म्हणजे पाऊण इंची प्लायवूडच्या, चार फूट उंच, उभ्या फळ्या. फूटपट्टी आडवी धरली तर बोटाने वाकते, उभी धरली तर वाकत नाही. तसंच इथे. उंची दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो. मग चार फूट उंचीच्या फळीपुढे तीन इंची लोखंडी पाइपचा ताठपणा कितीसा उरतो? दारासाठी फळी कापली की ती बरीच कमजोर होते, हे खरं. तरीही जमीन, छत आणि बाजू नीट चिकटवून स्क्रूने आवळल्या की पेटी स्वतःच आपला भार पेलते. चौकटीला कामं उरतात तीन: अ‍ॅक्सल धरणं, पुढची, गाडीला जोडायची दांडी धरणं, आणि पेटीला बोल्ट मारायला जागा देणं. हे एकदा पटलं की बाकीची तुलना सोपी होते. सगळा पैसा आणि सगळी काळजी या तीन जागी लावायची, मधल्या लोखंडावर नाही.

आधी बैलगाडी

कुठलाही पर्याय निवडा, वजनाच्या समतोलातून सुटका नाही. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तेच, फक्त इथे बैलांऐवजी तुमच्या गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि ताशी साठ मैलांवर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. म्हणून एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग दांडीच्या टोकावर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या हिचच्या गोळ्यावर यायला हवा.

माझी पेटी सामानासकट साधारण १,१०० पौंड भरते. अ‍ॅक्सलपासून गोळ्यापर्यंत १० फूट, म्हणजे १२० इंच. दांडीवर १२ टक्के, म्हणजे १३२ पौंड हवे असतील, तर सगळ्या वजनाचा मध्य अ‍ॅक्सलच्या १४ इंच पुढे पडायला हवा. आणि टिअरड्रॉपचं स्वयंपाकघर असतं मागे! शेगडी, कूलर, भांडी, डाळ-तांदळाचे डबे, सगळं अ‍ॅक्सलच्या मागे. आमच्याकडे तर प्रेशर कुकरही असतो. मोकळी पेटी जिथे समतोल वाटते तिथे अ‍ॅक्सल लावलात, तर पहिल्याच सहलीला उलार झालीच म्हणून समजा.

इथे पर्यायांमधला पहिला खरा फरक दिसतो. स्वतः वेल्ड करणाऱ्याला अ‍ॅक्सल सर्वांत शेवटी, पेटी तोलून झाल्यावर बसवता येतो. किटमध्ये पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) कड्यांची भोकं ठरलेली असतात. तिथे अ‍ॅक्सल हलत नाही, मग पेटी पुढे सरकवायची, किंवा बॅटरी आणि पाण्याची टाकी दांडीवर न्यायची. जुन्या ट्रेलरचं जे आहे ते आहे.

किट

इथे घरगुती टिअरड्रॉप बांधणारे बरेच जण हार्बर फ्रेट या अवजारांच्या दुकानसाखळीच्या चार बाय आठ फुटी फोल्डिंग किटवर पेटी चढवतात. क्षमता १,७२० पौंड, चाकं १२ इंची, चौकट सी आकाराच्या पत्र्याची आणि सगळं बोल्टचं काम. दोन माणसं, एक शनिवार. वेल्डिंगचं यंत्र नको, गुण्या धरून काटकोन बघायला नको, कर्ण मोजायला नको. भोकं जुळली की चौकट सरळच असते.

हे किट मधोमध दुमडतं, उभं करून भिंतीला लावायची सोय म्हणून. तुम्हाला ती सोय नको आहे. दुमडायची खालची छोटी चाकं लावूच नका, आणि सांधा बोल्टने कायमचा आवळून टाका. वर आठ फुटी अखंड पेटी बसली की सांध्याची चिंता जवळजवळ संपते. बोल्टना नायलॉनचे लॉकनट लावा आणि पहिल्या पन्नास मैलांनंतर एकेक पुन्हा आवळा. बेअरिंगमध्ये कारखान्यातून आलेलं ग्रीस असतं. ते पुसून स्वतः भरा. बारा इंची चाकं साठच्या वेगाला मिनिटाला जवळपास हजार फेरे मारतात, पंधरा इंची साडेसातशेच्या आसपास. लहान चाकाचं बेअरिंग तेवढंच जास्त राबतं.

किटची खरी उणीव म्हणजे आखूड दांडी. गोळा आणि अ‍ॅक्सल जवळ असले की मागे घेताना ट्रेलर क्षणात काटकोनात वळतो, तुम्ही स्टिअरिंग फिरवेपर्यंत उशीर झालेला असतो. पेटी पुढे सरकवली की गाडीच्या मागच्या दाराला जागा उरत नाही, ते वेगळंच. यावर उपाय आहे, तो शेवटी सांगते.

स्वतः वेल्ड करणं

मी हे केलं, आणि मजा आली. पण ज्यांना वेल्डिंग शिकायचंय म्हणून हा मार्ग घ्यायचाय त्यांना सांगते, शिकायला टेबल करा, शेल्फ करा, कुंड्यांचं स्टँड करा. महामार्गावर मागच्या गाडीत कोणाचं तरी लेकरू बसलेलं असतं.

वजन वाढतं म्हणून लोक घाबरतात, ते मात्र उगाच. दोन बाय दोन इंची, एक-अष्टमांश इंच जाडीचा चौकोनी पाइप फुटाला ३.०५ पौंड. चार बाय आठच्या कडा आणि मधल्या तीन पट्ट्या मिळून ३६ फूट, म्हणजे ११० पौंड. त्यात तीन बाय दोनच्या पाइपची आठ फुटी दांडी, ३१ पौंड. एकूण १४० च्या घरात. माझ्या उसाच्या ट्रॉलीचा हिशेब मांडला होता, तो याच्या दुपटीच्या पुढे गेला. सीआर-व्हीची ओढण्याची मर्यादा १,५०० पौंड आहे. शंभर-दीडशे पौंड नुसत्या भीतीवर खर्च करणं परवडत नाही.

जीव कुठे लावायचा, तर दांडीवर. ट्रेलरचा भार अ‍ॅक्सल आणि गोळा यांच्यामध्ये लोंबकळतो, म्हणून दांडीची खालची बाजू कायम ताणलेली असते. ती जिथे पेटीच्या पुढच्या आडव्या पट्टीखाली शिरते, त्या जागी ताण सर्वांत जास्त. तडा जातो तो तिथेच, आणि बहुतेकदा आडव्या वेल्डच्या कडेपासून. म्हणून दांडीच्या खालच्या अंगाला आडवं वेल्डिंग नाही, भोक नाही, वायरीसाठी बारीकसं भोकसुद्धा नाही. वेल्ड दांडीच्या लांबीला समांतर, बाजूंनी. दांडी पहिल्या पट्टीवर संपवू नका, मागे निदान दुसरीपर्यंत, जमल्यास अ‍ॅक्सलपर्यंत न्या. एका दांडीऐवजी ए आकाराच्या दोन घेतल्यात तर ताण वाटला जातो आणि त्यांच्यावर बॅटरीची पेटीही बसते. मात्र तीव्र वळणावर गाडीचा बंपर त्या कोनाला लागतो का, हे आधी खडूने जमिनीवर आखून बघा.

सगळं आधी टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारून उभं करायचं, दोन्ही कर्ण मोजायचे, मगच पूर्ण वेल्ड. एका कोपऱ्यात सलग वेल्ड मारत बसलात तर चौकट उष्णतेने ओढली जाते आणि ट्रेलर रस्त्यावर तिरका चालतो, टायर एका बाजूने झिजतात. माझी पहिली चौकट पाव इंच ओढली गेली होती. कापून पुन्हा केली. अण्णांना सांगितलं नाही.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल विचारणारे असतात. वजन लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाचं, पण ताठपणाही तिसरा हिस्सा, आणि ६०६१-टी६ जातीचं अ‍ॅल्युमिनियम वेल्ड केलं की सांध्याजवळ त्याची बरीच ताकद जाते. घरच्या गॅरेजात नकोच.

जुना ट्रेलर

स्वस्त वाटतो. मीही आधी एक घेतला होता, गावाबाहेरच्या एका शेतावरून, ताजा काळा रंग मारलेला. घरी आणून हातोडीने ठोकलं, तर निम्म्या पाइपमधून टणक आवाज यायच्या ऐवजी भद्द आवाज आला आणि आतून गंजाची पूड गळली. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चौकोनी पाइपच्या आत जाऊन बसतं आणि आतून खातं. तर हातोडी सोबत न्या, रंग जितका ताजा तितकं जास्त ठोका. चाक उचलून हाताने फिरवा, वर-खाली हलवून बघा. सी-चॅनेलची चौकट या बाबतीत बरी, तिचा गंज डोळ्यांना दिसतो.

जुन्या पॉप-अप कॅम्परची (वरचा तंबू उघडून उभा करायच्या ट्रेलरची) चौकट मिळाली तर आनंदाने घ्या. हलकी असते, दांडी पुरेशी लांब असते. बोटीचा ट्रेलर गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा लेप दिलेला) असतो म्हणून मोह होतो, पण वरचा भाग सपाट नसतो आणि तो सपाट करताना गॅल्व्हनाइजिंगवर वेल्ड करावं लागतं. जस्ताचा धूर फार वाईट. थंडी वाजून ताप भरतो. सोडून द्या.

तयार टिअरड्रॉप चॅसिस किंवा स्थानिक वेल्डरकडून करून घेणं हा चौथा मार्ग. पैसे जास्त, डोकेदुखी कमी. अंगात वेल्डिंग नाही आणि किट पुरणार नाही इतकी पेटी मोठी आहे, अशांसाठी हाच.

पाटे की टॉर्शन

किटमध्ये पाटेच येतात, तेव्हा हा प्रश्न वेल्ड करणाऱ्यांचा आणि चॅसिस करून घेणाऱ्यांचा. टॉर्शन अ‍ॅक्सलमध्ये चौकोनी नळीत रबराच्या दांड्या दाबून बसवलेल्या असतात, चाकाचा हात वर गेला की रबर पिळलं जातं. आवाज नाही, प्रत्येक चाक स्वतंत्र हलतं, हाताचा कोन निवडून पेटीची उंची ठरवता येते. पण तो तुमच्या वजनाप्रमाणे मागवावा लागतो. स्वस्तात मिळाला म्हणून ३,५०० पौंडांचा टॉर्शन १,१०० पौंडांच्या पेटीखाली लावलात, तर रबर हलणारच नाही आणि प्रत्येक खड्डा थेट प्लायवूडच्या सांध्यांना बसेल. शिवाय रबर गेलं की अख्खा अ‍ॅक्सल बदलायचा.

पाट्यांचं तंत्र जुनं, थोडं खडखडतं, पण पाटा तुटला तर छोट्या गावातल्या शेतीसामानाच्या दुकानातही दुसरा मिळतो. जड वाटला तर हलका पाटा घालता येतो. आम्ही मिशिगनच्या उत्तरेकडच्या अपर पेनिन्सुलात कच्च्या रस्त्यांवर जातो, फोनला रेंज नसते. मी पाटे घेतले.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे आणि कित्येकांचे महिने इथेच जातात. किटसोबत उत्पादकाचं मूळ प्रमाणपत्र येतं; ते घेऊन गेलात की नोंदणी सरळ. घरी बनवलेल्याला बऱ्याच राज्यांत आधी तपासणी, मग सरकारने दिलेला व्हीआयएन (वाहनाचा ओळखक्रमांक), वजनकाट्याची पावती आणि कधी लोखंडाची बिलंसुद्धा. म्हणून प्रत्येक पाइपचं बिल जपा. आमच्या मिशिगनात २,५०० पौंडांखालच्या ट्रेलरला टायटल (मालकीचा कागद) लागत नाही, नंबरप्लेट लागते. त्यामुळे जुना घेताना तेवढी काळजी कमी. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर टायटलशिवायच्या जुन्या ट्रेलरला हातच लावू नका. ब्रेकचंही असंच: बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपुढे सक्ती, कॅलिफोर्नियात १,५०० पासूनच.

तर मग

पेटी चार बाय आठ, गाडी लहान, सहली डांबरी रस्त्यांच्या, वर्षाला चार-पाच: किट. वेल्डिंग हातात बसलेलं आहे आणि कच्च्या रस्त्यांवर जायचंय, मोठी चाकं हवीत: स्वतः करा. जुना फक्त तेव्हा, जेव्हा तो पॉप-अपचा असेल आणि हातोडीला खणखणीत आवाज देत असेल.

आणि मी स्वतः? पुन्हा बनवायची वेळ आली तर किटच घेईन, आणि मघाशी म्हटलेला उपाय करेन: तीन बाय दोनचा अखंड पाइप गोळ्यापासून थेट अ‍ॅक्सलपर्यंत चौकटीखालून न्यायचा, प्रत्येक आडव्या पट्टीला यू-बोल्टने बांधायचा, कुठेही भोक नाही, वेल्ड नाही. दांडी दीड-दोन फूट लांब होते, मागे घेणं सोपं होतं, आणि नोंदणीला किटचाच कागद चालतो. पहिल्या सहलीआधी पूर्ण सामान भरा, कुकरसकट, मग दांडीखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवून बघा. आकडा एकूण वजनाच्या दहा टक्क्यांखाली आला तर कूलर पुढच्या बाजूला हलवा आणि पुन्हा तोला.