द रूट्सचे अकरा अल्बम: सातत्याच्या वादात माझा कौल

फिलाडेल्फियाच्या 'द रूट्स' या समूहाने १९९३ ते २०१४ या काळात स्वतःच्या नावावर अकरा अल्बम काढले आणि त्यांतला एकही टाकून देण्याजोगा नाही. रॅप समूहांपैकी सर्वांत सातत्यपूर्ण काम कोणाचे, या वादात माझा कौल म्हणूनच त्यांना आहे. आमच्या गटात या मताचा मी जवळजवळ एकटाच आहे, त्यामुळे हे परीक्षण लिहिताना बाकीच्यांच्या बाजूही तितक्याच गांभीर्याने तपासणे मला भाग आहे.

आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात रॅप ऐकणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे. अमरावतीच्या '१०० आरबीएच' या रॅपरची गाणी ऐकून यांतली बरीच मुले या संगीताकडे वळली आणि तिथून मागे मागे जात अमेरिकेतल्या नव्वदीच्या दशकापर्यंत पोहोचली. हरभरा आणि तुरीच्या दिवसांत रानडुकरांपासून आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) पीक राखण्यासाठी जागलीला जावे लागते, आणि एखादा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकायला त्याहून चांगली वेळ मिळत नाही. शेतात नेटवर्कचा भरवसा नसल्यामुळे अल्बम आधीच मोबाइलमध्ये उतरवून न्यावे लागतात; परिणामी एखादे गाणे आवडले नाही म्हणून लगेच दुसऱ्या समूहाकडे वळण्याची सोय राहत नाही. सातत्याची परीक्षा अशाच ऐकण्यात होते, कारण निवडक गाण्यांची यादी लावली की प्रत्येक समूह थोरच वाटतो. पानठेल्यावरचा वाद बहुतेक वेळा अशा निवडक गाण्यांच्या जोरावर लढवला जातो, ही माझी पहिली तक्रार आहे.

समूहाच्या सर्वोत्तम अल्बमवरून त्याची उंची कळते, परंतु सातत्य कळते ते सर्वांत कमकुवत अल्बमवरून, असा माझा निकष आहे. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) करून केलेल्या पहिल्या वेचणीचा कापूस बहुतेकांचा पांढराशुभ्रच असतो. शेताचा कस फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या पिकाच्या, बोंडात दिसतो. दुसरी अट संख्येची आणि काळाची आहे. 'एरिक बी अँड राकिम' यांनी १९८७ ते १९९२ या काळात चार अल्बम केले आणि चारही आजही ताजे वाटतात. 'रन द ज्युएल्स'चे २०१३ ते २०२० या काळातले चार अल्बमही तसेच भक्कम आहेत. दोघांबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही चार अल्बमांत ज्या अडचणी येत नाहीत, त्या आठव्या-नवव्या अल्बमला येतात, आणि त्या अडचणींतून गेलेल्या समूहाशी त्यांची बरोबरी करणे मला न्याय्य वाटत नाही.

आमच्याकडे सर्वांत मोठा पक्ष 'आउटकास्ट'चा आहे आणि त्यांची बाजू खरोखर बळकट आहे. अटलांटाच्या या जोडीने १९९४ च्या पहिल्या अल्बमपासून २००३ पर्यंत पाच अल्बम काढले आणि प्रत्येक वेळी आधीचा यशस्वी साचा मोडून नवा ध्वनी उभा केला. 'एटीएलिअन्स' (१९९६) आणि 'अक्वेमिनाय' (१९९८) लागोपाठ ऐकले, तर दोनच वर्षांत एवढी झेप घेणारे दुसरे नाव सहज आठवत नाही. मात्र २००३ चा 'स्पीकरबॉक्स / द लव्ह बिलो' हा अल्बम म्हणजे बिग बॉय आणि आंद्रे ३००० यांचे दोन स्वतंत्र अल्बम एका वेष्टनात बांधलेले आहेत. त्याला २००४ मध्ये वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले, तरी समूह म्हणून एकत्र काम करण्याची सवय तिथेच सुटलेली ऐकू येते. २००६ च्या 'आयडलवाइल्ड'मध्ये ती तूट उघडी पडते. माझा एक धाकटा मित्र यावर प्रत्येक वेळी म्हणतो, "भाऊ, थो सिनेमाचा अल्बम हाय, त्याले मोजूच नोका." समूहाने तो स्वतःचा अल्बम म्हणून, स्वतःच्या नावाने बाजारात आणला, तेव्हा हिशेबातून तो काढायचा असेल तर प्रत्येकाचा एकेक पडता अल्बम काढावा लागेल, आणि मग वादालाच काही अर्थ उरणार नाही.

'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' हा समूह मला मनाने सर्वांत जवळचा आहे. १९९०, १९९१ आणि १९९३ मध्ये आलेले त्यांचे पहिले तीन अल्बम, आणि विशेषतः ज्यात रॉन कार्टर या थोर जॅझ वादकाने बास वाजवला आहे तो 'द लो एंड थिअरी', यांच्या तोडीचे सलग तीन अल्बम फार थोड्यांच्या नावावर आहेत. परंतु १९९६ च्या 'बीट्स, राइम्स अँड लाइफ'मध्ये क्यू-टिप आणि फाइफ या समूहातल्या दोन रॅपरांमधली ती खेळकर चढाओढ ओसरलेली आहे, आणि १९९८ चा 'द लव्ह मूव्हमेंट' सुरेल असूनही थकलेला वाटतो. तो अल्बम आणि आउटकास्टचा 'अक्वेमिनाय' हे दोन्ही २९ सप्टेंबर १९९८ या एकाच दिवशी बाजारात आले. लागोपाठ ऐकल्यास एका समूहाची ओहोटी आणि दुसऱ्याची भरती एकाच तारखेला स्पष्ट दिसते. पुढे मार्च २०१६ मध्ये फाइफचे निधन झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, अठरा वर्षांच्या खंडानंतर, त्याच्या आवाजासह शेवटचा अल्बम आला. तो इतका जिवंत आहे की ऐकताना मधली सगळी वर्षे विसरायला होतात. तरीही मधला तो उतार खरा आहे आणि सातत्याच्या प्रश्नात त्याकडे डोळेझाक करता येत नाही.

'गँग स्टार' हा माझ्या मते सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी. १९९१ ते २००३ या काळातले त्यांचे पाच अल्बम जवळजवळ निर्दोष आहेत, आणि समूहाचा रॅपर गुरू याच्या २०१० मधल्या निधनानंतर त्याच्या मागे राहिलेल्या आवाजावर त्याचा साथीदार डीजे प्रीमियरने २०१९ मध्ये उभा केलेला अल्बमही समूहाच्या नावाला शोभणारा आहे. माझी हरकत एवढीच की त्यांची रीत फारशी बदलत नाही, आणि पाचवा अल्बम पहिल्याइतकाच चांगला असूनही त्यात नवीन जोखीम पत्करलेली कमी आढळते. 'डी ला सोल'ची गोष्ट निराळी आहे. जुन्या गाण्यांचे तुकडे वापरण्याच्या हक्कांचा गुंता न सुटल्यामुळे त्यांचे सुरुवातीचे गाजलेले अल्बम मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हतेच. आमच्यासारख्या गावात, जिथे कॅसेट किंवा सीडीच्या रूपाने हे संगीत कधी पोहोचलेच नाही, तिथे या वादात त्यांचे नाव उशिरा आले आणि अजूनही त्यांना त्यांच्या योग्यतेपेक्षा कमी मते मिळतात. १९८९ ते १९९६ या काळातले त्यांचे चार अल्बम ज्यांनी ऐकले नाहीत, त्यांनी निदान या वादात निकाल देण्याची घाई करू नये.

आता द रूट्सकडे वळतो. रॅपर टारिक ट्रॉटर ऊर्फ ब्लॅक थॉट आणि ढोलवादक (म्हणजे ड्रम वाजवणारा) अहमीर थॉम्पसन ऊर्फ क्वेस्टलव्ह हे दोघे फिलाडेल्फियातल्या कलाशाळेत भेटले आणि १९८७ मध्ये त्यांनी समूहाची सुरुवात केली. बहुतेक रॅप समूह जुन्या तबकड्यांच्या तुकड्यांवर उभे असताना यांनी ढोल, बास आणि कीबोर्ड प्रत्यक्ष वाजवून तेच काम केले. १९९५ च्या 'डू यू वाँट मोअर'मध्ये ही रीत पूर्ण विश्वासाने समोर येते. त्याच्या शीर्षकगीतात रूफस हार्ली या जॅझ वादकाची बॅगपाइपसुद्धा आहे, आणि ती चमत्कृती म्हणून आणलेली न वाटता गाण्यातच मुरलेली आहे. १९९६ च्या 'इलाडेल्फ हाफलाइफ'मध्ये त्यांनी लगेच दिशा बदलली आणि वाजवलेला ढोल जुन्या तबकडीवरून उचललेल्या तुकड्यासारखा कोरडा व घट्ट ऐकू येईल, असा घडवला. आमच्या गटातला एक जण लग्नसराईत धुमाल पार्टीत (वरातीच्या वाजंत्री पथकात) वाजवतो. रॅपच्या शब्दांशी त्याला फारसे देणेघेणे नाही, पण हा अल्बम ऐकून त्याने सर्वप्रथम ढोलाकडेच बोट दाखवले: हात माणसाचा आहे आणि शिस्त यंत्राची आहे, असे त्याचे म्हणणे होते. मला या अल्बमबद्दल याहून अचूक बोलता येणार नाही.

१९९९ चा 'थिंग्ज फॉल अपार्ट' हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध अल्बम. त्याचे नाव चिनुआ अचेबे यांच्या कादंबरीवरून घेतलेले आहे, आणि मुखपृष्ठावर पोलिसांपासून जीव घेऊन पळणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांचे साठच्या दशकातले छायाचित्र आहे. एरिका बडूच्या आवाजातले 'यू गॉट मी' इथेच आहे आणि त्या गाण्याला ग्रॅमीही मिळाले. एवढे यश मिळाल्यावर समूहाने तसाच दुसरा अल्बम करणे अगदी स्वाभाविक होते. त्यांनी २००२ मध्ये 'फ्रेनॉलॉजी' केला, ज्यात रॉकच्या गिटारी आहेत, आणि व्यसनात अडकून समूहापासून दुरावलेल्या मलिक बी या जुन्या साथीदारासाठी केलेले, दहा मिनिटांहून लांब असे 'वॉटर' नावाचे गाणे आहे. हे गाणे रात्रीच्या शांततेत शेवटपर्यंत ऐकावे. त्याच्या उत्तरार्धात शब्द संपतात आणि केवळ ध्वनीतून माणूस बुडत जातो. लोकप्रियतेच्या शिखरावर असताना इतके अवघड काम करण्याचे धैर्य मला सातत्याचाच एक भाग वाटते.

२००४ चा 'द टिपिंग पॉइंट' हा त्यांचा सर्वांत सैल अल्बम आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद त्याच्यावरच टेकलेला आहे. त्यात काही गाणी बेताची आहेत, जोडणी विस्कळीत आहे, आणि समूह रेडिओसाठी थोडा वाकलेला दिसतो. पण त्यातही ब्लॅक थॉटची शब्दांवरची पकड क्षणभर ढिली पडत नाही आणि वादन कुठेही आळसावत नाही. 'आयडलवाइल्ड' किंवा 'द लव्ह मूव्हमेंट' यांच्याशेजारी ठेवून ऐकल्यास, पडल्यावरही हा समूह किती वर राहतो, हे लक्षात येते. माझे विरोधक वाद घालताना याच अल्बमचे नाव घेतात; मी त्यांना तो पुन्हा पूर्ण ऐकण्याचा आग्रह करतो.

त्यानंतर जे घडले, ते इतर कोणत्याही रॅप समूहाच्या बाबतीत मला सापडलेले नाही. २००६ चा 'गेम थिअरी' आणि २००८ चा 'रायझिंग डाउन' हे दोन्ही अल्बम अधिक गडद, अधिक रागीट आणि अधिक आखीव आहेत. 'गेम थिअरी'ची सुरुवात आणि शेवट त्याच वर्षी फेब्रुवारीत वारलेल्या जे डिला या संगीतकाराच्या स्मरणाने होतो. २००९ पासून हा समूह जिमी फॅलनच्या रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वादक म्हणून रोजच्या कामाला लागला, तेव्हा आता यांचे अल्बम संपले, अशी भीती अनेकांना वाटली असेल. उलट २०१० मध्ये 'हाऊ आय गॉट ओव्हर' आणि २०११ मध्ये 'अनडन' आला. माझी समजूत अशी की बांधील पगाराच्या कामामुळे लोकप्रिय गाण्याच्या मागे धावण्याची गरज संपली आणि रोज एकत्र वाजवल्यामुळे हातही तयार राहिले. 'अनडन'मध्ये रेडफर्ड स्टीफन्स या काल्पनिक तरुणाचे आयुष्य त्याच्या मृत्यूपासून मागे मागे सांगितले आहे, आणि जेमतेम चाळीस मिनिटांत एका गरीब मुलाच्या हातून वाटा कशा निसटत गेल्या, हे कोणताही उपदेश न करता कळते. स्थापनेनंतर दोन तपे उलटल्यावर इतका नेमका अल्बम करणारा दुसरा समूह कोणी दाखवला, तर मी माझे मत बदलायला तयार आहे.

या समूहाने आपल्या अल्बमांतल्या गाण्यांचे क्रमांक प्रत्येक वेळी एकपासून सुरू न करता मागच्या अल्बमपासून पुढे चालू ठेवण्याची पद्धत पाडली होती. आपले सगळे काम मिळून एकच दीर्घ रचना आहे, असे त्यांना वाटत असावे, आणि क्रमाने ऐकणाऱ्याला ते पटते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. 'द लो एंड थिअरी' किंवा 'अक्वेमिनाय' ऐकताना जो अचंबा वाटतो, तो द रूट्सच्या एखाद्याच अल्बममध्ये वाटतो, तोही सलग नाही. सहज गुणगुणता येतील अशी ध्रुपदे त्यांच्याकडे कमी आहेत. १९९३ चा स्वतःच्या बळावर काढलेला 'ऑर्गॅनिक्स' कच्चा आहे आणि तो अभ्यास म्हणून ऐकावा. २०१४ च्या 'अँड देन यू शूट युअर कझिन'मध्ये अर्ध्या तासाच्या आसपासचेच संगीत आहे आणि तो मुद्दाम रुक्ष ठेवलेला वाटतो; मला तो आवडतो, पण आमच्या गटात कोणालाच आवडत नाही. त्यानंतर स्वतःच्या नव्या अल्बमची वाट पाहण्यात एक दशक गेले. शब्दही सोपे नाहीत. ब्लॅक थॉट एका ओळीत इतके कोंबतो की इंग्रजी बऱ्यापैकी येत असूनही मला शब्द समोर ठेवून वाचावे लागतात, आणि काही गाण्यांतली भाषा घरात मोठ्याने लावण्याजोगी नाही.

ज्यांना हा संच ऐकायचा आहे, त्यांनी मोबाइलच्या स्पीकरवर तो ऐकू नये, कारण बास आणि ढोलाचा खालचा भाग तिथे पूर्ण हरवतो आणि समूहाचे निम्मे काम त्या भागातच आहे. साधा वायरचा हेडफोनही पुरेसा होतो. सुरुवात 'थिंग्ज फॉल अपार्ट'ने करावी, त्यानंतर 'गेम थिअरी' घ्यावा, आणि मगच १९९५ कडे जाऊन क्रमाने पुढे यावे. 'अनडन' मात्र कधीही तुकड्यांत ऐकू नये. एकदा तो जसा आहे तसा ऐकून झाला की दुसऱ्या वेळी गाणी शेवटाकडून सुरुवातीकडे लावून बघावीत, म्हणजे रेडफर्डची गोष्ट त्याच्या जगण्याच्या क्रमाने उलगडते आणि पहिल्या वेळी कानाआड गेलेल्या कितीतरी ओळी जागेवर येतात.