मिथिलफेनिडेट : सात महिने घेतल्यावर

वय ४१, फोंड्याला राहतो, नोकरी पणजीला. मुलाला दाखवायला गेलो आणि एडीएचडी (लक्ष आणि उतावळेपणा आवरता न येण्याचा विकार) निघालं ते माझंच. माझा त्रास विसराळूपणाचा कमी, उतावळेपणाचा जास्त. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी उत्तर देऊन मोकळा, आणि रात्री अकराला मोबाइलवर ट्रेकिंगचे बूट मागवणार, दूधसागरला पण कधी चालत गेलेलो नाही तरी.

त्यावर मिथिलफेनिडेट दिलं, ते उत्तेजक औषध म्हटल्यावर घाबरलोच, आधीच मर्कट त्यात मद्य प्याला असं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या पुढच्या भागाचं काम आवर घालायचं, तिथलं डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही निरोप नेणारी रसायनं परत शोषली जातात ते ही गोळी अडवते, म्हणजे जोर मिळतो तो ब्रेकला. अमेरिकेत १९३७ मध्येच चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी मुलांना बेन्झेड्रिन हे असंच उत्तेजक देऊन बघितलं होतं म्हणे, बरीच मुलं उलट शांत झाली.

तिसऱ्या आठवड्यात सकाळची गोळी घेऊन मासळी बाजारात गेलो. इसवणाचा भाव ऐकला, एरवी लगेच 'घाल पिशवीत' म्हटलं असतं, त्या दिवशी नुसता उभा राहिलो. मासेवाली माझ्याकडे बघतेय, मी माशाकडे. शेवटी तिनेच भाव उतरवला. घासाघीस केलीच नव्हती हो, तोंड उघडायला उशीर झाला एवढंच.

पण साधी गोळी टिकते तीन-चार तास. माझी १० मिलिग्रॅम सकाळी आठला आणि १० दुपारी साडेबाराला, त्यामुळे संध्याकाळच्या बसमध्ये कंडक्टरशी भांडणारा माणूस जुनाच, किंबहुना औषध उतरताना जास्तच चिडका. बारा तासवाली पण घेऊन बघितली, रात्री दोनपर्यंत छताकडे बघत पडायचो, सोडली. दुपारी भूक मरते, शीतकडी (भात आणि माशाची कढी) समोर असून नको वाटते हे इथे कुणाला सांगायची सोय नाही. चार किलो उतरलो, बीपी दर खेपेला तपासतात.

मिळवणं हा वेगळाच ताप. शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतलं औषध, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो. पहिल्या दोन दुकानांत तर मी चोरीचा माल विकायला आल्यासारखे बघत होते.

आणि खरेदी? ती रात्रीची, तिला दुपारची गोळी कशी पुरणार. कार्ड बायकोकडे देऊन टाकलं. परवा तिने त्याच्यावर मिक्सर घेतला, विचारलं तर म्हणते मी विचार करून घेतलाय.