अल्ट्रा एचडी डिस्कच्या रिप घरी पाहताना : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेली काही वर्षे मी अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्क जमवतो आहे. आपल्याकडे त्या दुकानांत सहजासहजी मिळत नाहीत, त्यामुळे माझ्याकडच्या बहुतेक परदेशातून आलेल्या आहेत. या डिस्कना प्रदेशाचे कुलूप नसते, म्हणून इंग्लंडमध्ये घेतलेली डिस्क पुण्यातही विनातक्रार चालते. विकत घेतलेली डिस्क मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने संगणकावर उतरवायची, ती फाइल (म्हणजेच रिप) घरच्या सर्व्हरवर ठेवायची आणि दिवाणखान्यात बसून पाहायची, अशी माझी पद्धत आहे. आठ महिन्यांपूर्वी त्यासाठी मी युगूस एएम६बी प्लस हा टीव्हीला जोडायचा छोटा डबा, म्हणजे मीडिया प्लेअर, घेतला आणि मेमरी कार्डावरून त्यावर कोअरईएलईसी ही कोडी या मीडिया प्लेअर सॉफ्टवेअरवर आधारलेली प्रणाली चालवू लागलो.

त्याआधी मी टीव्हीतल्याच प्लेअरवर भागवत होतो. टीव्हीचे लॅन पोर्ट १०० मेगाबिटचे, तर १०० जीबीच्या डिस्कवर बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे नेमक्या धावपळीच्या दृश्यात चित्र थबकत असे. आवाजाची अडचण त्याहून मोठी होती, कारण टीव्हीपासून रिसीव्हरकडे (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे) आवाज नेणाऱ्या साध्या एआरसी या एचडीएमआय जोडणीतून डॉल्बी ट्रूएचडी हा डिस्कवरचा मूळ दर्जाचा आवाज जातच नाही. ज्या आवाजासाठी एवढी महागडी डिस्क घेतली, तोच वाटेत गळून पडत होता.

चित्राच्या बाबतीत या डब्याची ख्याती डॉल्बी व्हिजन या एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणाऱ्या) तंत्राच्या डिस्कवरील प्रकारामुळे, म्हणजे प्रोफाइल ७ मुळे, आहे आणि तो भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. अशा डिस्कवर चित्राचे दोन थर असतात. मूळ थर ३८४० गुणिले २१६० पिक्सेलचा, १० बिटचा असतो आणि तो एचडीआर१० या साध्या एचडीआर प्रकाराच्या प्लेअरवरही चालतो. दुसरा थर १९२० गुणिले १०८० चा असतो आणि त्याच्याबरोबर दृश्यागणिक उजेड कसा ठेवायचा याच्या सूचना येतात. काही डिस्कवर हा दुसरा थर नावापुरता असतो आणि सूचनांखेरीज त्यात काहीच नसते; त्याला एमईएल म्हणतात. काहींवर मात्र मूळ थरात न मावलेला तपशील त्यात भरलेला असतो आणि दोन्ही थर जुळवले की १२ बिटचे चित्र तयार होते, हा एफईएल. बहुतेक मीडिया प्लेअर दुसरा थर टाकून देतात आणि फक्त सूचना पाळतात. कोअरईएलईसी घातल्यावर हा डबा दोन्ही थर जुळवतो.

फरक खरोखर दिसतो का, हे पाहण्यासाठी मी एकाच डिस्कच्या दोन फाइली केल्या : एक जशीच्या तशी आणि दुसरी डोवी_टूल हा प्रोग्रॅम वापरून प्रोफाइल ८ मध्ये, म्हणजे दुसरा थर काढून फक्त सूचना ठेवणाऱ्या प्रकारात, बदललेली. दिवसाउजेडी घडणाऱ्या प्रसंगांत, नऊ-दहा फुटांवरच्या सोफ्यावरून, मला काहीही वेगळे दिसले नाही. नंतर धुक्यातून विजेरीचा झोत फिरतो असे एक दृश्य आले. बदललेल्या फाइलीत त्या झोताच्या कडेला करड्या रंगाच्या पायऱ्या पडत होत्या, अगदी मोजता येतील अशा. मूळ फाइलीत तोच उजेड काळोखात सलग विरत गेला. काही डिस्कवर मूळ थराचा उजेडच आखडता ठेवलेला असतो आणि तो एफईएलने भरून निघतो. तेथे अंतर याहून ठळक जाणवते. तरीही सांगतो, केवळ या एका गोष्टीसाठी कोणी डबा बदलू नये. आणि टीव्हीला डॉल्बी व्हिजन नसेल तर मुळीच नाही.

माझ्या मते खरी कमाई आवाजाची आहे. ओटीटीवरचा ॲटमॉस (छताकडूनही येणारा डॉल्बीचा आवाज) डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या स्वरूपातून येतो आणि त्याला सेकंदाला जास्तीत जास्त ७६८ किलोबिट मिळतात. डिस्कवरचा ट्रूएचडी काहीही न गाळता येतो आणि त्याचा बिटरेट कित्येक पटींनी अधिक असतो. डबा थेट रिसीव्हरला जोडून पासथ्रू (आवाज न बदलता तसाच पुढे पाठवणे) चालू केल्यावर रिसीव्हरच्या पट्टीवर पहिल्यांदा ‘ॲटमॉस’ ही अक्षरे उमटली, तेव्हा मी तोच प्रसंग तीनदा लावला. छताजवळच्या दोन स्पीकरांतून पत्र्यावरचा पाऊस येत होता आणि त्या पावसातही मधल्या स्पीकरमधून कुजबुजीतला शब्द न् शब्द कळत होता. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आणि डीटीएस:एक्स हे डॉल्बीच्या प्रतिस्पर्ध्याचे आवाजाचे प्रकारही तितकेच बिनबोभाट चालतात. आमच्या इमारतीत भिंती पातळ आहेत, म्हणून रात्री दहानंतर मी रिसीव्हरमधील डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर, कमी करतो. नाहीतर संवादासाठी वाढवलेला आवाज पुढच्याच स्फोटाला शेजाऱ्यांची झोप मोडतो.

टीव्हीचा रिफ्रेश रेट (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो वेग) चित्रपटाशी जुळवण्याची सेटिंग पहिल्याच दिवशी करावी. चित्रपट सेकंदाला २३.९७६ फ्रेमचे असतात. टीव्ही ६० हर्ट्झवरच राहिला तर कॅमेरा संथपणे फिरताना चित्र ठेचकाळते.

त्रासही झाला. पाचव्या महिन्यात, वीज वारंवार जात असताना, मेमरी कार्ड निकामी झाले आणि सगळी मांडणी पुन्हा करावी लागली. आता डबा यूपीएसवर आहे आणि सेटिंगची प्रत सर्व्हरवर ठेवतो. एका डिस्कवर जवळजवळ सारख्याच लांबीची अनेक टायटल्स, म्हणजे त्याच चित्रपटाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, होती. मी त्यातले चुकीचे उतरवले आणि चित्रपटाची श्रेयनामावली भलत्याच भाषेत आली. तेव्हापासून कोणते टायटल घ्यायचे हे आधी तपासतो, कारण मोठी डिस्क उतरवायला माझ्या ड्राइव्हला तास-सव्वा तास लागतो. या प्रणालीवर ओटीटीचा भरवसा धरू नये. त्यासाठी आमच्या घरी टीव्हीचीच ॲप्स वापरली जातात.

एक फाइल साधारण ६० ते ८० जीबीची होते, म्हणजे ८ टीबीच्या हार्ड डिस्कवर शंभरएक चित्रपट मावतात. माझी भरत आली आहे. फाइली दाबून लहान करण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण तसे केले तर दुसरा थर हातचा जातो, म्हणून मी दुसरी हार्ड डिस्क मागवली आहे. मूळ डिस्क कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्या आहेत. पावसाळ्याआधी त्या पुड्या बदलतो.